फळ्यावरचा तोरणा

मामा गेल्यानंतर त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा वरच एक जाड पांढरी सुती शाल निघाली. तिच्याखाली लांब मानेची काळ्या मातीची कॉफीची किटली होती आणि तळाशी पुठ्ठा सुटलेली हॉर्नबीची डिक्शनरी. १९६३ ची दुसरी आवृत्ती. पहिल्या पानावर मामांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलेलं: ‘आदिस अबाबा, १९६६’. किटली मामेभावाने ठेवून घेतली, शाल मामींनी पांघरली. डिक्शनरी मी मागून घेतली.

मामा भोर संस्थानातले, नीरेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावचे. १९६५ साली, तिशीत, ते इथिओपियाला इंग्रजी शिकवायला गेले आणि १९७६ साली परतले. गावातली जुनी माणसं त्यांना शेवटपर्यंत ‘हबसाणातले मास्तर’ म्हणत. हबसाण, म्हणजे इथिओपियाचा मुलूख, हा शब्द आमच्याकडे नवा नव्हता. वरंधा घाट उतरला की कोकण, आणि कोकण म्हटलं की जंजिऱ्याचा सिद्दी आलाच. त्याच्याही आधी मलिक अंबर त्याच मुलखातून गुलाम म्हणून विकला जात जात दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. आम्ही डोंगरउतारावर जी नाचणी लावतो तिचं मूळ घरही पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातच आहे, काही हजार वर्षांपूर्वी ती इकडे आली. मामांना नाचणीचं हे माहीत नव्हतं. ते एवढंच सांगायचे की तिथला इंजेरा आंबट आंबोळीसारखा लागला आणि पहिल्या जेवणातच जीव थाऱ्यावर आला.

हे सगळं आता आठवायला कारण घडलंय. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि परदेशात इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी पुन्हा अर्ज भरते आहे. एका अर्जात विचारलं होतं, ‘इंग्रजी ही आपली मातृभाषा आहे काय?’ मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढचं पान उघडलंच नाही. मामांच्या कागदांत त्यांचं करारपत्र जपून ठेवलेलं आहे. त्यात पदवी विचारली आहे, अनुभव विचारला आहे, प्रकृती विचारली आहे. मातृभाषेचा रकाना त्यात नाही.

आमच्या एकाच घरात इंग्रजीच्या तीन वेगवेगळ्या सुरुवाती आहेत. मामांची सुरुवात पंतसचिवांच्या राज्यात झाली. तेव्हा मराठी चौथी झाली की मूल ‘इंग्रजी पहिली’त जायचं. मामा १९४५ साली भोरला एका नातेवाइकांकडे राहून इंग्रजी पहिलीत बसले. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याच सुमाराला मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढून टाकलं गेलं, ते आठवीपासून सुरू होऊ लागलं. स्वातंत्र्य नवं होतं, मातृभाषेला तिची जागा द्यायची होती, आणि त्या विचाराला मी आजही नावं ठेवत नाही. पण धाकट्या मामांना पहिलं इंग्रजी अक्षर भेटलं ते चौदाव्या वर्षी, आणि पुढच्या चार वर्षांत त्यांना एस.एस.सी.चा निबंध लिहायचा होता. ते इंग्रजीत नापास झाले आणि शेतीकडे वळले.

माझ्या वेळी, १९७४ साली, इंग्रजी पाचवीला होतं. ते खाली आलं खरं, पण मला शिकवणारे गुरुजी त्या आठवीपासूनच्या पिढीतले होते. त्यांचा स्वतःचा पाया चार वर्षांचा. म्हणून ते एक ओळ वाचायचे, तिचं मराठी सांगायचे, आम्ही ते वहीत उतरवायचो. वर्षभरात मी तोंडातून एकही इंग्रजी वाक्य काढलं नाही. माणूस फार कष्टाळू होता. पावसाळ्यात ओढा छातीपर्यंत चढला तरी शाळेत यायचा. इंग्रजी बोलायच्या त्यांच्या भीतीचं कारण मला पुढे बी.एड.ला गेल्यावर समजलं. पुढे २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, इंग्रजी पहिलीपासून आलं आणि माझी मुलगी शिकली त्यापेक्षा वेगळंच काही माझा नातू शिकतो आहे. सरकारी निर्णय अर्ध्या पानाचा असतो, तो शिक्षकाच्या जिभेपर्यंत पोचायला एक पिढी जाते.

मामा परत आले तेव्हा मी बारा वर्षांची होते. मे महिन्यात आजोळी गेले की ते मला ओसरीवर बसवायचे. पुस्तक नाही, भाषांतर नाही. हातात आंबा द्यायचे, टोपलीत ठेवायला सांगायचे, टोपली माळ्यावर चढवायला लावायचे, आणि प्रत्येक हालचालीचं वाक्य माझ्याकडून काढून घ्यायचे. चुकलं की मराठीत रागवायचे नाहीत. तेच वाक्य पुन्हा, जरा सावकाश. आठ दिवसांत मी बोलायला लागले. ही हातोटी त्यांनी कुठून आणली म्हणून विचारलं, तर त्यांनी डिक्शनरीवर बोट ठेवलं.

त्या डिक्शनरीचा इतिहास मला फार उशिरा कळला. ए. एस. हॉर्नबी हा इंग्रज १९२४ च्या सुमारास जपानात, ओइता नावाच्या गावी, कॉलेजात शिकवायला गेला. त्याआधीच हॅरॉल्ड पामर टोकियोत पोचला होता आणि १९२३ साली त्याने इंग्रजी अध्यापनावर संशोधन करणारी संस्था तिथे काढली होती. हॉर्नबी तिच्यात सामील झाला. गेटनबी आणि वेकफिल्ड या दोघांना बरोबर घेऊन त्याने कोश रचला आणि तो १९४२ साली टोकियोत छापला गेला, इंग्लंड आणि जपान एकमेकांशी लढत असताना. १९४८ साली ऑक्सफर्डने तो घेतला. इंग्रजाला या कोशाची गरज नव्हती. नाम मोजता येतं की नाही, क्रियापदानंतर काय चालतं आणि काय चालत नाही, हे इंग्रजाला कुणी सांगावं लागत नाही. हॉर्नबीने क्रियापदांचे पंचवीस साचे ठरवले आणि प्रत्येक क्रियापदापुढे त्याच्या साच्याचा आकडा घातला. जपानी मुलं कुठे अडखळतात ते वर्षानुवर्षं पाहिल्याशिवाय हे सुचणं शक्य नाही.

आणि त्याच्याही आधी आपल्याकडे, ढाक्याला, मायकेल वेस्ट होता. तिथल्या शिक्षक महाविद्यालयाचा प्राचार्य. बंगाली मुलं इंग्रजी कशी वाचतात हे त्याने तपासलं, नेहमीचे शब्द आधी आणि थोडे थोडे या हिशेबाने वाचनमाला तयार केली, आणि १९५३ साली सर्वाधिक लागणाऱ्या सुमारे दोन हजार शब्दांची यादी छापली. जगभरची शालेय पुस्तकं पुढे कितीतरी वर्षं त्या यादीवर बेतली गेली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूरच्या प्रकल्पात व्याकरण बाजूला ठेवून मुलांना कामं दिली: नकाशा वाचा, वेळापत्रक लावा, आणि त्यातून भाषा येऊ द्या. परदेशातल्या शिक्षकांना आज जी पद्धत नवी म्हणून शिकवतात, तिच्या मुळाशी दक्षिण भारतातल्या साध्या सरकारी शाळांचे वर्ग आहेत. परक्याला इंग्रजी कसं शिकवावं ही विद्या परक्यांच्या वर्गात घडली, त्यात आपले वर्ग मोठे वाटेकरी आहेत, आणि हे आपल्याच शिक्षकांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मामांच्या वेळी निदान नोकरी देणाऱ्यांना ते ठाऊक असावं. इथिओपियात वरच्या शाळांचं माध्यम इंग्रजी होतं आणि शिक्षक पुरेसे नव्हते. सम्राट हैले सेलासी १९५६ साली भारतात येऊन गेले, पण भारतीय मास्तर त्याच्या आधीपासूनच तिकडे जात होते. केरळातले सर्वांत जास्त, त्यांच्या मागे आपल्याकडचे तुरळक. मामा आदिसपासून दूर, डोंगरातल्या एका शाळेत होते. तिथे दिवस उजाडल्यापासून घड्याळ मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात वाजले की त्यांचा एक. वर्षाला तेरा महिने. ‘अस्तमारी’ म्हणजे मास्तर. हे शब्द मामा ओसरीवर म्हणायचे तेव्हा त्यांचा चेहरा वेगळाच व्हायचा.

त्याच शाळेत अमेरिकेच्या पीस कोअरतर्फे आलेला एक तरुण होता, बावीस-तेवीस वर्षांचा. पीस कोअरची मुलं १९६२ पासून तिथे येत होती. मामांचा तो जिवाभावाचा मित्र झाला. तो मुलांशी गप्पा मारायचा, गाणी म्हणायचा, मुलांची जीभ त्याच्यामुळे सैल झाली, असं मामा सांगत. पण ‘अ’ कुठे घालायचा, ‘द’ कुठे, आणि का, हे मुलांनी विचारलं की तो मामांकडे बोट दाखवायचा. त्याला ते कधी शिकावंच लागलं नव्हतं. मामांनी मात्र एकेक ‘द’ कमावलेला होता. दोघं मिळून एक चांगला शिक्षक होत होता, हे मामांचं मत. मीही पुढे शिकवताना ते पडताळून पाहिलं.

सप्टेंबर १९७४ मध्ये सम्राट पदच्युत झाले. लवकरच वरच्या वर्गांतली मुलं मोहिमेवर खेड्यापाड्यांत पाठवली गेली, शाळा ओस पडू लागल्या. मामा दीड वर्ष थांबले आणि निघाले. इथे आल्यावर त्यांचा खरा त्रास सुरू झाला. अकरा वर्षांचा अनुभव सेवेत धरला गेला नाही. एका शाळेने त्यांना नवखा म्हणून घेतलं, सेवाज्येष्ठतेत त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाची माणसं त्यांच्या वर होती. ते ओळखीच्या एका मास्तरांबरोबर नायजेरियाला जायचा विचार करत होते. तिथे १९७६ साली सर्वांसाठी मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झालं होतं, तेलाचा पैसा होता, आणि आपल्याकडून शिक्षक जात होते. मामींनी जाऊ दिलं नाही. ते मास्तर गेले. तेलाचे भाव कोसळले, १९८६ साली नायराची किंमत घसरली, आणि पगार घरी पाठवण्यात अर्थ उरला नाही तेव्हा तेही परतले. भोरच्या एसटी स्टँडवर ते मामांना भेटले की दोघं इंग्रजीत बोलत. आजूबाजूच्यांना ती घमेंड वाटायची. दोन माणसं आपली तरुणपणाची भाषा बोलत होती, एवढंच ते होतं.

माझं स्वतःचं थोडक्यात सांगते. तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्याचं माहेर, भोरचं सासर. १९८७ ते १९९६ शाळेत शिकवलं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मुलं लहान, नोकरी सोडली. चौदा वर्षांनी, सेहेचाळिसाव्या वर्षी परत उभी राहिले ती तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, मे महिन्यात काहीच नाही. हेडमास्तर माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. सेवाखंड या शब्दाचा अर्थ मला मामांमुळे माहीत होता, त्याची चव तेव्हा कळली. बाहेर जायचं तेव्हाच मनात आलं. पुण्यातल्या एका एजंटाने आधी पैसे घेतले आणि नंतर सांगितलं की चाळिशीच्या पुढचं कुणी मागत नाही. ते पैसे बुडाले. मालदीवची जागा मला मिळाली ती ओळखीच्या एका केरळी शिक्षिकेने कळवलं म्हणून, २०१३ साली, एकोणपन्नासाव्या वर्षी.

पदवीवर आधी विद्यापीठाचा शिक्का, मग मुंबईला मंत्रालयात, मग दिल्ली. पोलिसांचा दाखला वेगळा. लग्नाआधीचं नाव प्रमाणपत्रांवर, लग्नानंतरचं पासपोर्टवर, म्हणून राजपत्राची प्रत. वेल्ह्याहून पहाटेची गाडी धरून स्वारगेट, तिथून मुंबई, असे मी चार हेलपाटे घातले. उशिरा परतणाऱ्या बाईच्या कागदांत पुरुषापेक्षा एक कागद नेहमी जास्त असतो.

मालदीवमध्ये सुमारे दोनशे बेटांवर वस्ती आहे. माझं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला वीस मिनिटं लागत. रस्ते पांढऱ्या वाळूचे, सुट्टी शुक्रवार-शनिवारची, शाळेचं माध्यम इंग्रजी. मुलं दिवेही बोलतात. ती आपल्या मराठीच्याच कुळातली. आकडे म्हणायला लागली, ‘एकेह’, ‘तिनेह’, तेव्हा मला हुंदका आला. लिपी मात्र उजवीकडून डावीकडे जाते आणि तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांवरून घेतलेली आहेत. मी पहिले दोन महिने मुलांकडून दिवेही शिकले. त्यात कळलं की ‘एखादं पुस्तक’ म्हणायला ती पुस्तकाच्या शब्दाला मागे ‘एह’ जोडतात: ‘फोतेह’. म्हणजे इंग्रजीचा ‘अ’ त्यांच्याकडे आहे, फक्त तो शब्दाच्या शेपटीला आहे! मी फळ्यावर शेपटी उचलून पुढे आणली. मराठी मुलाला हे समजवायला मला महिना लागायचा, त्या मुलांना एक तास लागला. परकी भाषा कुठे सोपी होते ते घरची भाषा ऐकल्याशिवाय दिसत नाही.

सहावीच्या धड्यात एकदा डोंगर आला. त्या देशात जमिनीचा सर्वांत उंच भागही जेमतेम काही मीटर भरतो. टीव्हीवरचा बर्फाचा डोंगर मुलांनी पाहिला होता, पण उतार म्हणजे काय हे वर्गात एकालाही सांगता येईना. पायाखाली उतार आलाच नव्हता कधी. मी धक्क्यावरून एक फळी आणवली, तिचं एक टोक बाकावर टेकवलं आणि वरून नारळ सोडला. मग फळ्यावर तोरणा काढला. बिनी दरवाजा, झुंजार माची, बुधला माची, पायथ्याला एक घर. चौदाशे मीटर म्हणजे किती, तर बेटावरची सगळ्यात उंच माडाची झाडं एकावर एक किती लागतील याचा हिशेब मुलांनीच केला.

मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, “मिस, एवढ्या उंचावर पाऊस पडला तर ते पाणी कुठे जातं?” त्याच्या घरी पावसाचं पाणी छपरावरून टाकीत जायचं आणि तेच वर्षभर प्यायचं. मी खडूने पाणी खाली आणलं. गडावरून ओढ्यात, ओढ्यातून गुंजवणीत, गुंजवणीतून नीरेत, नीरेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत. भाटघर धरणाची भिंतही काढली, १९२८ च्या सुमाराला पुरी झालेली, जिच्या पाण्याने आमच्या खोऱ्यातली जमीन गेली आणि खालचा ऊस वाढला. ‘डाउन’, ‘इंटू’, ‘थ्रू’, ‘अलाँग’, ‘बिहाइंड’ ही सगळी अव्ययं त्या एका पाण्यात आली. शेवटी रेघ समुद्रात सोडली तेव्हा तो मुलगा म्हणाला, “मग ते आमच्याकडे येतं.”

दोन वर्षांनी परतले. वेल्ह्याच्या मुलांना बेट शिकवताना पानशेतच्या जलाशयात वर राहिलेली टेकडी दाखवली, तेवढ्यावर भागलं.

आताचे नियम वाचते तेव्हा वाटतं, शिक्षकाने किती कमावलं हे पाहणं मागे पडलं आणि त्याचा जन्म कुठे झाला हे पुढे आलं. दक्षिण कोरियाच्या भाषाशिक्षक व्हिसासाठी सात देशांचे नागरिक चालतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी त्यांचा आर्थिक भागीदारीचा करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला आणि त्यात शिक्षकाचा परवाना असलेल्या भारतीयासाठी एक फट ठेवली आहे. मी ती वाचून मोजक्या तरुण शिक्षिकांना दाखवली, कारण जाहिरातींत ती छापत नाहीत. त्यातल्या दोघींचे कागद मीच लावून दिले. माझं वय त्या फटीतून जाणार नाही, मला ठाऊक आहे. मामांच्या काळी इथिओपियाला, पुढे भूतानला, मालदीवला आपले मास्तर चालले, कारण त्या देशांना मुलं शिकवून हवी होती. ज्यांना जाहिरातीत लावायला चेहरा हवा आहे त्यांना आम्ही चालत नाही. मला राग येतो तो एवढ्याचाच. माझ्या उच्चारात मावळ आहे आणि माझ्या हाताखालून गेलेली मुलं इंग्रजी बोलतात, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गेल्या महिन्यात एका लहान शाळेचा अर्ज आला. वयाला हरकत नाही, मातृभाषेचा रकाना नाही, फक्त दहा मिनिटांचा पाठ चित्रित करून पाठवा म्हणाले. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं होतं, म्हणून अर्जात जन्मस्थळापुढे काय लिहावं यावर मी बराच वेळ घातला. दाखल्यावर आहे ते, वेल्हे, लिहिलं. रविवारी जुन्या शाळेतला एक वर्ग शिपाईदादांनी उघडून दिला. शेजारच्या मुलीने मोबाइल धरला. मी तोरणा काढला, पाणी समुद्रापर्यंत नेलं, नऊ मिनिटं झाली.

सोमवारी सकाळी शिपाईदादांचा फोन आला. “बाई, फळ्यावरचं पुसू का? सहावीचा तास आहे.”

म्हटलं, राहू द्या. मुलांनाच विचारा, पाणी कुठे जातं.